डेव्हिल्स होलचा पपफिश: विविधताच उरली नाही, मग अनुकूलन कशाच्या बळावर?

अमृता_न

मी पदवीच्या वर्गाला आनुवंशशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचा भाग सुरू करताना दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहिते: नैसर्गिक निवडीला कच्चा माल लागतो आणि तो कच्चा माल म्हणजे जनुकीय विविधता. या वर्षी एका विद्यार्थिनीने त्या वाक्यासमोर डेव्हिल्स होलचा पपफिश उभा केला. तिचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही, म्हणून येथे विचारते आहे.

ज्यांना हा मासा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात, अमार्गोसा वाळवंटातल्या ॲश मेडोज परिसरात, चुनखडीच्या डोंगराला एक उभी भेग पडलेली आहे आणि तिच्या आत पाण्याचे कुंड आहे. पाणबुडे सुमारे १३० मीटर खोल उतरले तरी त्यांना तळ लागला नाही. पाण्याचे तापमान बाराही महिने ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्यात विरघळलेला प्राणवायू बहुतेक माशांना गुदमरवेल इतका कमी असतो. सायप्रिनोडॉन डायाबोलिस हा जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा मासा निसर्गात केवळ या एका कुंडात राहतो. अमेरिकेने १९६७ मध्ये त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातले. २०१३ च्या वसंतातील गणनेत त्याचे केवळ ३५ प्रौढ मासे आढळले होते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड टियान, ख्रिस्तोफर मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या माशाच्या आठ जीनोमांचा (संपूर्ण जनुकसंचांचा) अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रत्येक माशाच्या जीनोमचा सरासरी ५८ टक्के भाग आईकडून आणि वडिलांकडून अगदी एकसारखा आलेला आहे. शिवाय १५ जनुके तुटून निकामी झालेली किंवा गळून गेलेली आढळली आणि त्यांपैकी पाच जनुकांचा संबंध प्राणवायूच्या कमतरतेला शरीर जो प्रतिसाद देते त्याच्याशी असावा, असे अनुमान आहे. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा होता: ज्याच्याकडे कच्चा माल जवळजवळ संपला आहे, तो मासा इतक्या खडतर ठिकाणी जुळवून घेऊन कसा राहिला? आणि जिथे प्राणवायूच अपुरा आहे तिथेच प्राणवायूशी संबंधित जनुके कशी हरवली? त्याला जोडून माझा स्वतःचा प्रश्न असा की, शेजारच्या झऱ्यांत याच कुळातले पपफिश असताना त्यांच्याशी संकर घडवून विविधता परत का आणली जात नाही?

पेशीकेंद्र

प्रश्न अतिशय नेमका आहे. त्याचे उत्तर तुमच्या फळ्यावरील वाक्याच्या काळात दडलेले आहे. विविधता हा निवडीचा कच्चा माल असतो, परंतु अनुकूलन ही त्या मालापासून घडून गेलेली वस्तू असते. एखादा जनुकप्रकार निवडीत जिंकत जिंकत सर्व माशांमध्ये पसरला, की त्या जागी विविधता शून्य होते. आज मोजलेली विविधता पुढील बदलांसाठी हाताशी काय शिल्लक आहे ते सांगते, मागे काय घडून गेले ते सांगत नाही. पण पंचाईत अशी की केवळ योगायोगाने एखादा प्रकार सर्वत्र पसरला तरीही ती जागा हुबेहूब तशीच दिसते. एकसारखेपणा दिसला म्हणजे तेथे निवड झाली असे म्हणता येत नाही आणि झाली नाही असेही म्हणता येत नाही.

आता ५८ टक्के या आकड्याकडे पाहू. सख्ख्या भावंडांचे मीलन झाल्यास संततीच्या जीनोमचा २५ टक्के भाग दोन्ही बाजूंनी तोच तो असतो. पुढील पिढीत पुन्हा सख्खी भावंडे जुळली तर हे प्रमाण ३७.५ टक्के होते, तिसऱ्या पिढीत ५० टक्के आणि चौथ्या पिढीत सुमारे ५९ टक्के. म्हणजे हा प्रत्येक मासा लागोपाठ चार पिढ्या सख्ख्या भावंडांच्या पोटी जन्मल्यासारखा आहे. प्रत्यक्षात असे मीलन झाले असेल असे नव्हे. समूह पिढ्यान्‌पिढ्या लहान राहिला, की कोणत्याही दोन माशांचे नाते हळूहळू तितके जवळचे होऊन बसते.

हे किती वेगाने होते, याचे गणित वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. प्रजननात प्रत्यक्ष वाटा उचलणाऱ्या माशांची संख्या 'न' मानली, तर प्रत्येक पिढीत उरलेल्या विविधतेचा एक भागिले '२न' इतका हिस्सा निव्वळ योगायोगाने गळतो. हा मासा साधारण वर्षभरच जगतो, म्हणजे पिढी आणि वर्ष जवळजवळ एकच. 'न' शंभर असेल तर दरवर्षी अर्धा टक्का विविधता जाते. ऐकायला हे नगण्य वाटते, परंतु शंभर वर्षांनी मूळच्या विविधतेपैकी सुमारे ६० टक्केच उरते आणि हजार वर्षांनी एक टक्काही उरत नाही. मधल्या काळात नवी उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत अचानक होणारे बदल, थोडी भर घालतात आणि बाहेरून एखादा मासा आला तर तोही घालतो, पण गळती थांबत नाही.

याच गणितात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. समूह एवढा लहान असला, की निवडीची नजर अधू होते. एखाद्या उत्परिवर्तनाने होणारे नुकसान एक भागिले '२न' यापेक्षा कमी असेल, तर निवडीला ते दिसतच नाही; त्याचे भवितव्य योगायोग ठरवतो. शंभर माशांच्या समूहात अर्ध्या टक्क्याहून कमी नुकसान करणारी उत्परिवर्तने अशीच साचत जातात. त्यामुळे एखादे उपयोगी जनुक हरवले म्हणून तेथे त्याची गरज नव्हती, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

उरलेले अर्धे उत्तर म्हणजे माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचावा. प्राणवायूच्या कमतरतेला प्रतिसाद देणारी पुष्कळशी जनुके धोक्याच्या घंटेसारखी असतात. प्राणवायू अचानक घटला की शरीराचा कारभार बदलायचा, हे त्यांचे काम. जेथे प्राणवायू जन्मापासून मरणापर्यंत कमीच असतो, तेथे ती घंटा अखंड वाजत राहणे महागात पडू शकते आणि तशा परिस्थितीत ती बंद पडणे फायद्याचेही ठरू शकेल. मात्र हे सिद्ध करायचे तर त्या पाच जनुकांपैकी एकेक घेऊन त्याचे काम प्रत्यक्ष तपासावे लागेल. तोवर योगायोगाने हरवले आणि निवडीने काढून टाकले, या दोन्ही शक्यता मी समोर ठेवीन.

आणखी एक गोष्ट विद्यार्थिनीला जरूर सांगा. त्या आठ जीनोमांपैकी एक १९८० साली जतन करून ठेवलेल्या माशाचा आहे आणि त्याच्यातही विविधता अशीच तोकडी आढळली. म्हणजे हे दारिद्र्य २००६ किंवा २०१३ मधील घसरणीने आलेले नाही, त्याची मुळे त्याआधीची आहेत.

रानवाटा

काही वर्षांपूर्वी मी ॲश मेडोजला गेलो होतो. वरचे विवेचन वाचताना ती जागा सारखी डोळ्यांसमोर येत होती, म्हणून त्या अंगाने काही लिहितो.

उघड्या, झाडाची सावलीही नसलेल्या टेकडीवरून चालत गेल्यावर उंच जाळीचे कुंपण लागते. पाहणाऱ्यांसाठी वर एक बंदिस्त जागा केलेली आहे आणि तेथून खाली कपारीत पाण्याचा अरुंद काळसर पट्टा दिसतो. साध्या डोळ्यांना मासा दिसत नाही. मी दुर्बीण लावून बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा एका कडेला, पाण्याखालच्या फिकट हिरवट दगडावर, निळसर ठिपका सरकल्यासारखा वाटला. तो मासाच होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु तो फिकट हिरवट दगड हाच या प्रजातीचा सारा संसार आहे, हे मात्र त्या क्षणी नीट कळले.

तो दगड म्हणजे कुंडाच्या एका टोकाला पाण्याखाली अडकलेली शिळा आहे. लांबी चार-पाच मीटर, रुंदी त्याहून कमी आणि वर फूटभर पाणी. ऊन पोहोचते ते येथेच, त्यामुळे शैवाल वाढते ते येथेच. मासे चरतात आणि अंडी घालतात तेही मुख्यतः येथेच. दोन्ही बाजूंच्या उंच कड्यांमुळे उन्हाळ्यातही दिवसाचे काही तासच ऊन मिळते, तर हिवाळ्यात काही आठवडे थेट ऊन मुळीच पडत नाही. त्या काळात अन्नाचा तुटवडा असतो, घातलेली अंडी फारशी जगत नाहीत आणि समूह दरवर्षी आकसतो. वसंतातील आणि शरदातील गणनांच्या आकड्यांत फरक दिसतो तो यामुळे. गणनेच्या दिवशी पाणबुडे खोल पाण्यातून मोजत वर येतात आणि त्याच वेळी शिळेवरचे मासे काठावरून मोजले जातात.

आता मुख्य मुद्दा. या माशाचे अनुकूलन म्हणून जी लक्षणे सांगितली जातात, ती म्हणजे लहान अंग, त्या मानाने मोठे डोके आणि पोटाखालच्या परांच्या जोडीचा अभाव, ती खरोखर कितपत जनुकांत लिहिलेली आहेत, हा प्रश्न आधी विचारायला हवा. शॉन लेमा आणि गॅब्रिएल नेव्हिट यांनी २००६ मध्ये याच खोऱ्यातल्या अमार्गोसा नदीतील पपफिशवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. नदीतले हे मासे एरवी धडधाकट आणि पोटाखालचे पर असलेले. त्यांच्या पिल्लांना गरम पाण्यात, कमी अन्नावर वाढवले तेव्हा ती लहान राहिली, त्यांची डोकी अंगाच्या मानाने मोठी दिसू लागली आणि काहींना पोटाखालचे पर फुटलेच नाहीत. त्या पिल्लांच्या शरीरातील थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाणही घटले होते. औषध देऊन ते संप्रेरक रोखले तरी परिणाम त्याच दिशेने झाला. जनुके तीच, पण पाणी आणि अन्न बदलताच शेजारचा मासा डेव्हिल्स होलच्या माशासारखा दिसू लागला.

उलट दिशेचा दाखलाही आहे. डेव्हिल्स होलचे काही मासे सुरक्षिततेसाठी हूव्हर धरणाजवळच्या टाक्यात नेऊन ठेवले होते. तेथे काही पिढ्यांतच ते कुंडातल्या आपल्या भाईबंदांपेक्षा मोठे झाले आणि त्यांच्या अंगाची ठेवण बदलली.

म्हणून अमृताताई, विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे राहील की या माशाच्या जुळवून घेण्याचा एक मोठा हिस्सा जनुकांतील फरकातून नव्हे, तर एकाच जनुकसंचाच्या लवचीकपणातून येतो. परिस्थितीप्रमाणे शरीर घडवण्याची ही क्षमता पूर्वजांकडून तयार मिळालेली आहे. नदीतले पपफिश ऋतूऋतूला आटणाऱ्या आणि तापणाऱ्या पाण्यात राहतात, त्यांना या लवचीकपणाची रोजच गरज असते. डेव्हिल्स होलच्या माशाने ती शिदोरी बरोबर आणली आणि एका न बदलणाऱ्या जागी आयुष्यभर तिचे एकच टोक वापरले.

अमृता_न

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. भावंडांच्या मीलनाची २५, ३७.५, ५०, ५९ ही चढण उद्याच वर्गात मांडते.

रानवाटा, तुमच्या लिहिण्यातून एक अस्वस्थ करणारा प्रश्न निघतो. शेजारच्या माशाला गरम पाण्यात वाढवले की तो याच्यासारखा दिसतो, आणि याला बाहेर वाढवले की तो शेजाऱ्याकडे झुकतो. मग याला स्वतंत्र प्रजाती तरी कशाच्या आधारावर मानायचे? आणि तो त्या कुंडात नेमका कधीपासून आहे?

पेशीकेंद्र

कधीपासून, या प्रश्नावर खरोखर तीव्र मतभेद आहेत. कुंडाचे छत कोसळून ते आकाशाला खुले झाले त्याला सुमारे ६०,००० वर्षे झाली, असे भूशास्त्र सांगते. सालाम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जनुकीय पुराव्यावरून मांडले की मासाही साधारण तेव्हापासूनच तेथे आहे. त्याच वर्षी ख्रिस्तोफर मार्टिन आणि सहकाऱ्यांनी मांडले की तो १०५ ते ८३० वर्षांपूर्वीच तेथे आला असावा आणि त्यानंतरही शेजारच्या समूहांकडून जनुकांची ये-जा झालेली असावी. शंभर वर्षे आणि साठ हजार वर्षे यांतील ही तफावत मुख्यतः उत्परिवर्तनाचा वेग किती धरायचा आणि कालगणनेचा खिळा कोठे ठोकायचा, यावर अवलंबून आहे.

माझा कल सांगतो. वरचेच गणित लावले, तर काही शेकड्यांचा समूह साठ हजार पिढ्या पूर्ण एकटा राहिल्यास त्याच्याकडे मूळची विविधता उरायलाच नको आणि हानिकारक उत्परिवर्तनांनी त्याला केव्हाच संपवायला हवे होते. त्यामुळे एक तर तो अलीकडचा आहे, नाही तर जुना असूनही अधूनमधून बाहेरून नवे रक्त मिळत आलेला आहे. मला दुसरी शक्यता तितकीशी अशक्य वाटत नाही. या प्रदेशात हिमयुगात मोठी सरोवरे आणि वाहत्या नद्या होत्या, आणि अंडी पक्ष्यांच्या पायाला चिकटून जाणे किंवा माणसाने मासे इकडून तिकडे नेणे या गोष्टी हजारो वर्षांत एखाददुसऱ्या वेळी घडल्या तरी पुरे होतात.

स्वतंत्र प्रजातीबद्दल एवढेच सांगतो की लवचीकपणा आणि जनुकीय वेगळेपण एकमेकांना छेद देत नाहीत. मुळात परिस्थितीने घडवलेले लक्षण पिढ्यान्‌पिढ्या तसेच प्रकट होत राहिले, तर ते पुढे जनुकांतही पक्के होऊ शकते. मार्टिन यांच्या २०१६ च्या मांडणीत हाही धागा आहे.

नदीकाठ

मूळ प्रश्नातील संकराचा भाग अजून कोणी घेतलेला नाही आणि माझ्या मते तो सर्वांत निकडीचा आहे.

संकराने समूह सावरल्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतच आहे. फ्लोरिडातील पँथर अंतःप्रजननाने, म्हणजे जवळच्या नात्यांतल्या प्रजननाने, खंगले होते, तेव्हा १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या. पुढील पिढ्यांत जन्मजात व्यंगे कमी झाली आणि संख्या वाढली. जीनोममधील १५ निकामी जनुकांचा पुरावा समोर असताना, प्रजातीच्या शुद्धतेपायी मासा मरू देणे मला पटत नाही. ॲश मेडोजमधील अमार्गोसा पपफिश हाकेच्या अंतरावर आहे. त्याचे मोजके मासे वापरून, नियंत्रित टाक्यात, एखादा संकरित समूह का वाढवू नये?

रानवाटा

नदीकाठ, तुमची कळकळ पोहोचली, परंतु हा प्रयोग अनवधानाने होऊन गेलेला आहे आणि त्याचा निकाल विचार करायला लावणारा आहे.

ॲश मेडोजमध्येच पॉइंट ऑफ रॉक्स येथे डेव्हिल्स होलच्या माशांसाठी एक सिमेंटचे टाके बांधले होते. त्यात शेजारच्या झऱ्यातील अमार्गोसा पपफिशचे मोजके मासे कसे तरी शिरले. काही वर्षांनी लक्षात आले की टाक्यातील माशांना पोटाखालचे पर दिसू लागले आहेत, जे डेव्हिल्स होलच्या माशाला असत नाहीत. जनुकीय तपासणी केल्यावर कळले की घुसखोरांची जनुके सगळ्या समूहात झपाट्याने पसरली होती. इतके थोडे मासे इतक्या लवकर एवढा पल्ला गाठतात, याचा अर्थ त्यांच्या संततीला मूळ माशांपेक्षा पुष्कळ अधिक यश मिळत होते, आणि संशोधकांनीही मूळ समूहावरील हानिकारक उत्परिवर्तनांचा भार हेच त्याचे संभाव्य कारण मानले.

तुम्ही म्हणाल की हा संकराच्या बाजूचाच पुरावा झाला. एका अर्थाने आहेच. परंतु ते यश टाक्यातले होते. टाक्यात अन्न पुरेसे आणि जागा मोठी. शिळेवर, अर्धपोटी, ३३ अंशाच्या पाण्यात तोच संकर तसाच सरस ठरेल याची खात्री काय? एकदा का ती जनुके कुंडात सोडली की ती परत काढून घेता येत नाहीत, आणि जगात दुसरे कुंड नाही. म्हणून टाक्यात संकर वाढवून अभ्यासायला माझी हरकत नाही, कुंडात सोडायला आहे.

नदीकाठ

टाक्यातील यश कुंडात लागू होईलच असे नाही, हा मुद्दा मान्य. तरीही संख्या पुन्हा ३५ वर आली तर निर्णय घ्यायला वेळ उरणार नाही, म्हणून तो अभ्यास आजच सुरू असावा एवढा आग्रह मी सोडणार नाही.

जलवंती

माझा विषय माशांचे शरीरक्रियाशास्त्र आहे, तेव्हा प्राणवायूच्या प्रश्नावर एक भर घालते. लास व्हेगस येथील नेवाडा विद्यापीठातील फ्रँक व्हॅन ब्रूकेलेन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की ३३ अंशाला सरावलेले वाळवंटी पपफिश पाण्यात प्राणवायू उपलब्ध असतानाही काही काळ तो वापरणे थांबवतात. कधीकधी ही स्थिती दोन तासांहून अधिक टिकते आणि त्या काळात त्यांच्या शरीरात मद्यार्क तयार होतो. प्राणवायूविना ऊर्जा मिळवणे अतिशय खर्चिक असते, त्याला कितीतरी पट अन्न लागते. अन्न आधीच तुटपुंजे असलेल्या जागी मासा हा मार्ग का धरतो, हे कोडे आहे. यातून निदान एवढे दिसते की कमी प्राणवायू सोसण्याचा नेहमीचा पाठ्यपुस्तकी मार्ग या कुळाने जसाच्या तसा वापरलेला नाही. हरवलेल्या पाच जनुकांचा अर्थ लावताना हे ध्यानात ठेवावे. पेशीकेंद्र यांच्या धोक्याच्या घंटेच्या तर्काला यामुळे थोडे बळ मिळते, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट, अनुकूलनाबद्दल बोलताना आपण प्रौढ माशाचाच विचार करतो. प्रौढ पपफिश बरीच उष्णता सोसतो, अंड्याची आणि पिल्लाची सहनशक्ती मात्र त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यामुळे शिळेवरचे पाणी उन्हाळ्यात अंश-दोन अंशांनी अधिक तापले, तर प्रौढ मासे दिसायला ठणठणीत असतील, पण अंडी जगण्याचा हंगाम आखूड होईल. विविधता भरपूर असलेल्या समूहात निदान काही माशांची अंडी अधिक सोशीक निघण्याची आशा धरता येते. येथे ती आशा फार क्षीण आहे. तुमच्या फळ्यावरील वाक्य या माशाला लागू पडते ते येथे, अमृताताई.

पाण्याच्या पातळीचेही तसेच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या शेतजमिनीसाठी विहिरींतून मोठा उपसा सुरू झाला आणि कुंडाची पातळी उतरू लागली. शिळेवर पाणीच फूटभर, त्यामुळे थोडी पातळी उतरली तरी तिचा मोठा भाग उघडा पडतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७६ मध्ये 'कॅपर्ट विरुद्ध अमेरिका' या खटल्यात न्यायालयाने एकमताने कुंडाच्या बाजूने निर्णय दिला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९५२ मध्ये कुंड डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्राला जोडले तेव्हाच माशाला आवश्यक तेवढे पाणी त्याच्यासाठी राखून ठेवले गेले, असा त्याचा आधार होता. कपारीच्या भिंतीत १९६२ साली बसवलेला तांब्याचा एक वॉशर आहे. पाणी त्या वॉशरच्या खाली २.७ फुटांपेक्षा उतरू द्यायचे नाही, अशी मर्यादा पुढे ठरली. एका प्रजातीचे अस्तित्व भिंतीतल्या एका वॉशरपासून मोजले जाते, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ त्याच्या छायाचित्राकडे पाहत बसले होते.

अमृता_न

जलवंती, अंड्यांचा मुद्दा माझ्या पूर्णपणे नजरेआड होता. आता एक शेवटचा प्रश्न. २०२४ च्या वसंतात १९१ मासे मोजले गेले, गेल्या पंचवीस वर्षांतली ती वसंतातील सर्वांत मोठी संख्या होती. मग भूकंपांनी कुंडात लाटा उसळल्या, शिळेवरचे शैवाल आणि अंडी धुऊन गेली आणि २०२५ च्या वसंतात गणना ३८ वर आली. या एका फटक्याने जनुकीय नुकसान किती झाले असेल?

पेशीकेंद्र

आधी लाटांबद्दल, कारण वाचणाऱ्यांना ते खरे वाटणार नाही. या कुंडाला दूरच्या भूकंपांचीही चाहूल लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये मेक्सिकोत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा सुमारे अडीच हजार किलोमीटरवरच्या या कुंडात साधारण २२ मिनिटांनी चार फूट उंचीच्या लाटा उठल्या. अशा लाटा शिळेवरचा गाळ धुऊन नेतात, त्यामुळे दीर्घकाळात त्या उपकारकही ठरू शकतात. अंडी आणि अन्न वाहून जाणे हे मात्र त्या हंगामाचे नुकसान असते.

आता गणित. ३८ मासे सगळेच्या सगळे प्रजननक्षम मानले, तर एका पिढीत उरलेल्या विविधतेचा एक भागिले ७६, म्हणजे सुमारे १.३ टक्के भाग जातो. सगळे मासे प्रजनन करत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट धरा. तरीही एका वर्षाची घसरण या हिशेबाने प्राणघातक नाही. घसरण लांबली, समूह दहा-वीस वर्षे तेवढाच राहिला, तर नुकसान मोठे होते. मात्र या सरासरीच्या हिशेबात एक गोष्ट निसटते: जे जनुकप्रकार एखाददुसऱ्या माशातच होते, ते तो मासा मेला की कायमचे जातात. आधीच दरिद्री असलेल्या समूहात असे दुर्मीळ प्रकार हीच उरलीसुरली पुंजी असते.

२०२५ मध्ये संवर्धन केंद्रातून १९ मासे कुंडात सोडण्यात आले, याचा जनुकीय परिणाम घसरणीइतकाच महत्त्वाचा आहे. एवढ्या लहान समूहात १९ मासे हा मोठा वाटा आहे. ते केंद्र ॲश मेडोजमध्येच असून २०१३ पासून सुरू आहे. तेथे जवळजवळ पावणेचार लाख लिटरच्या टाक्यात कुंडाचा वरचा भाग शिळेसकट उभा केला आहे. कुंडातून आणलेल्या अंड्यांपासून ते मासे वाढवले गेले, त्यामुळे रक्त परके नाही, पॉइंट ऑफ रॉक्ससारखा प्रकार यात नाही. परंतु टाक्यातील पाणी कुंडापेक्षा किंचित थंड आणि प्राणवायू थोडा अधिक ठेवलेला असतो. इतक्या वर्षांत तेथे ज्या माशांची संतती अधिक जगली ती टाक्याला मानवणारी होती, असे घडले असणे शक्य आहे. त्या १९ माशांची पिल्ले कुंडात कितपत टिकतात, हे समजले तर आपल्या या सगळ्या चर्चेतील निवड, योगायोग आणि लवचीकपणा यांचा वाटा वेगळा करून पाहण्याची दुर्मीळ संधी मिळेल.

त्यासाठी जिवंत माशाला हात लावण्याची गरज नाही. कुंडात आणि टाक्यात नैसर्गिक रीतीने मेलेला प्रत्येक मासा मिळेल तेव्हा उचलावा, त्यावर तारीख आणि जागा लिहावी आणि तो मद्यार्कात जपून ठेवावा. १९८० साली कोणीतरी असा एक मासा नीट जपून ठेवला, म्हणून बेचाळीस वर्षांनी त्याचा जीनोम वाचता आला.